अमेरिकेतले पहिले हॅलोवीन : नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोवीनच्या संध्याकाळी अमेरिकेतल्या वस्त्यांमध्ये मुले पोशाख घालून दारोदार खाऊ घेत फिरतात, आणि त्यात एक अलिखित नियम पाळला जातो. ज्या घराच्या पोर्चमधला दिवा लागलेला असेल त्या घराची बेल वाजवायची आणि ज्या घराचा दिवा बंद असेल त्या घरावरून मुकाट्याने पुढे जायचे. आम्ही इथे आलो त्या पहिल्या वर्षी हा नियम आम्हाला कोणी सांगितला नव्हता. मुलीला परीचा पोशाख घालून आम्ही फिरवून आणले; पण निघताना सवयीने बाहेरचा दिवा मालवला होता आणि परत आल्यावर तो लावायचे सुचले नाही. चॉकलेटांनी भरलेली स्टीलची परात दाराशी ठेवून आम्ही नऊ वाजेपर्यंत बसून होतो. फुटपाथवरून पावले जात होती, मुलांचे हसणे ऐकू येत होते आणि आमच्या दाराकडे एकही पाऊल वळत नव्हते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी सहज विचारले, "काल तुम्ही घरी नव्हता का?" तेव्हा कुठे उलगडा झाला.

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की मुलांना फिरवून आणणे हा या सणाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे आपले दार उघडे ठेवणे, आणि परक्या देशात नव्याने घर मांडणाऱ्या कुटुंबासाठी तोच अधिक मोलाचा आहे. वर्षभर ज्यांच्याशी फक्त हात हलवण्यापुरती ओळख असते, ते शेजारी या एका संध्याकाळी आपल्या पायऱ्या चढून येतात. पुढची सारी तयारी त्या संध्याकाळसाठी आहे.

सणाचे मूळ, घरातल्या मोठ्यांना सांगण्यापुरते

भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आलेले असतील तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : दारात भुतेखेते आणि सांगाडे कशाला? त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंड या भागांतल्या केल्टिक लोकांचा साउइन नावाचा सण सुगी संपून हिवाळा सुरू होताना येत असे, आणि त्या रात्री मृतांचे आत्मे पृथ्वीवर येतात अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या संध्याकाळच्या नावाचा अपभ्रंश होत हॅलोवीन हा शब्द रूढ झाला. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांनी ही प्रथा अमेरिकेत आणली. मायदेशी ते सलगमचे गड्डे कोरून त्यात दिवा ठेवत. इथे त्यांना त्याहून मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. म्हणजे हा सणच मुळी घर सोडून आलेल्या माणसांनी नव्या मातीतल्या फळावर उभा केलेला आहे, आणि हे मला फार जवळचे वाटते.

पितृपक्ष पाळणाऱ्या माणसाला मृतांसाठी राखलेली एक तिथी समजायला अवघड जात नाही. दारोदार फिरून खाऊ घेण्याचे म्हणाल, तर एका घरचा भोंडला आटोपून दुसऱ्या घरी जाणाऱ्या आणि प्रत्येक ठिकाणी खिरापत ओळखून खाणाऱ्या मुली आपण पाहिलेल्या आहेत. एवढे सांगूनही सांगाडा कोणाला अभद्र वाटत असेल, तर तो लावू नये. त्यावाचून काही अडत नाही. दोन-तीन भोपळे आणि शेवंतीच्या कुंड्या एवढ्यानेही पायऱ्या शोभतात. ऑक्टोबरमध्ये इथल्या दुकानांबाहेर 'मम्स' या नावाने ज्या फुलांच्या रांगा लागतात, ती आपली शेवंतीच असते.

महिनाभर आधीची चौकशी

सप्टेंबरच्या अखेरीस तीन गोष्टींची माहिती काढावी. पहिली, आपल्या गावाची वेळ. बऱ्याच ठिकाणी मुले ३१ तारखेला अंधार पडण्याच्या सुमारास निघतात आणि आठ-साडेआठपर्यंत फिरतात; पण ओहायो, विस्कॉन्सिन अशा राज्यांतल्या अनेक गावांत नगरपालिका दिवस आणि वेळ स्वतः जाहीर करते, आणि तो दिवस ३१ तारीखच असेल असे नाही. गावाच्या संकेतस्थळावर ही सूचना असते. दुसरी, आपल्या गल्लीत साधारण किती मुले येतात. हे फक्त शेजारीच सांगू शकतात, आणि हा प्रश्न विचारायला जाणे हेच ओळखीचे उत्तम निमित्त आहे. एखाद्या गल्लीत दहा मुले येतात, तर चौक ओलांडून पलीकडे दीडशे येतात. तिसरी, शाळेचे नियम. काही शाळांत पोशाखांची मिरवणूक असते, काही शाळा त्याऐवजी नुसता 'फॉल फेस्टिव्हल', म्हणजे शरद ऋतूचा उत्सव करतात, आणि मुखवटे व खोटी हत्यारे यांना बहुतेक शाळांत मनाई असते.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी संकुलाच्या ऑफिसात विचारावे. पुष्कळ संकुलांत इच्छुक घरांची यादी करतात किंवा दारावर लावायला भोपळ्याचे चित्र देतात. तसे काही नसेल तर घरे असलेल्या वस्तीतल्या मित्राकडे जावे, मात्र जाताना त्यांच्यासाठी कॅन्डीचे एक पाकीट न्यावे, कारण आपल्या मुलांमुळे त्यांच्या दारातली गर्दी वाढणार असते. अगदी लहान मुलांसाठी 'ट्रंक-ऑर-ट्रीट' हाही चांगला पर्याय आहे. त्यात एखाद्या चर्चच्या किंवा शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवून खाऊ वाटतात, त्यामुळे रस्ता ओलांडण्याचा प्रश्न येत नाही.

पोशाख

पोशाख विकत घेताना एक माप मोठा घ्यावा. शिकागो किंवा मिनियापोलिसकडे ऑक्टोबरअखेर कडाक्याची थंडी असू शकते, आणि पोशाखाच्या आत थर्मल व स्वेटर मावला नाही तर सगळ्या हौसेवर जाकीट चढवावे लागते. १९९१ च्या हॅलोवीनला मिनेसोटात जे हिमवादळ सुरू झाले त्यात मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात २८ इंचांहून अधिक बर्फ पडला होता, यावरून तिकडचे पालक इतका विचार का करतात हे कळेल. लांबी मात्र घोट्याच्या वर ठेवावी, कारण अंधारात पायऱ्या चढताना मुले घोळात पाय अडकून पडतात. कापड सहज पेट न घेणारे आहे अशी नोंद लेबलवर पाहावी. चेहऱ्यावर मुखवट्याऐवजी रंग लावावा, आणि तो रंग दोन दिवस आधी दंडावर थोडासा लावून त्वचेला चालतो का ते पाहावे. डोळ्यांचा रंग बदलणाऱ्या शोभेच्या लेन्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे अमेरिकेत बेकायदेशीर आहे, तेव्हा त्या कुठे सहज मिळाल्या तरी घेऊ नयेत.

एक गोष्ट मात्र नव्याने आलेल्यांना कोणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून सांगतो. दुसऱ्या वंशाचे किंवा समाजाचे सोंग म्हणून घेतलेला वेश इथे अपमानकारक मानला जातो. चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीय व्यक्तीचे सोंग घेणे हे तर अक्षम्य समजले जाते, कारण त्यामागे रंगमंचावर त्या समाजाच्या केलेल्या कुचेष्टेची दीर्घ आठवण आहे. आपल्याकडच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत असे काही निरागसपणे होत असेल, परंतु इथे त्याचा अर्थ निराळा लागतो. मूलनिवासी अमेरिकनांचा पिसांचा टोप हाही त्याच कारणाने टाळावा. आपल्या मुलीला नऊवारी नेसवावी का, असे मला अनेक आया विचारतात. ते आपलेच वस्त्र आहे, त्यात गैर काही नाही. पण सोंगाच्या रात्री ते सोंग म्हणून पाहिले जाऊ नये असे मला वाटते, आणि म्हणून आमच्या घरी नऊवारी गणपतीला आणि दिवाळीलाच निघते.

भोपळा कोरणे

शक्य असेल तर भोपळा शेतावरून, म्हणजे 'पम्पकिन पॅच'वरून आणावा, कारण वेलींमधून फिरत आपला भोपळा शोधण्यात मुलांची अर्धी दुपार आनंदात जाते. बूड सपाट असलेला, देठ शाबूत असलेला आणि दाबल्यावर कुठेही मऊ न लागणारा भोपळा निवडावा. उचलताना देठाला धरू नये. तो मोडतो आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. कोरलेला भोपळा साधारण तीन दिवस ते आठवडाभर टिकतो, टेक्सास-फ्लोरिडासारख्या उष्ण भागात त्याहूनही कमी, तेव्हा आणण्याची घाई केली तरी कोरण्याची करू नये. २९ किंवा ३० तारखेची संध्याकाळ योग्य.

टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरावीत. देठाभोवती झाकण कापताना सुरी उभी धरू नये, तिचे टोक आत मध्याकडे झुकवून तिरकी धरावी. असे कापलेले झाकण कडेवर टेकून राहते, उभे कापलेले आत पडते. झाकणाच्या मागच्या बाजूला एक त्रिकोणी खाच ठेवली की पुढे ते नेमके कसे बसवायचे हे शोधावे लागत नाही. मग बाह्या वर करून आत हात घालायचा. थंडगार, बुळबुळीत धाग्यांचा गुंता बोटांना लपेटतो, त्यात अडकलेल्या बिया निसटत राहतात, आणि पहिल्यांदा हात घालणारे प्रत्येक मूल किंचाळते व लगेच पुन्हा हात घालते. गर काढून झाल्यावर ज्या बाजूला चेहरा कोरायचा ती भिंत आतून मोठ्या चमच्याने खरवडून साधारण एक इंच जाडीची करावी, म्हणजे हत्यार सहज चालते आणि उजेडही चांगला बाहेर येतो.

चेहरा आधी कागदावर काढावा, तो कागद भोपळ्याला चिकटपट्टीने लावावा आणि रेषांवर टाचणीने जवळजवळ टोचत जावे. कागद काढला की ठिपक्यांची रेघ उरते, अगदी ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. त्या ठिपक्यांवरून लहान करवतीने कापायचे. दुकानात मिळणारी कोरण्याची छोटी करवत स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा पुष्कळच सुरक्षित असते. तरीही कापण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि चित्र काढणे, टोचणे, गर उपसणे ही कामे मुलांना द्यावीत. डोळे-नाक आधी आणि तोंड शेवटी कापावे, कारण मोठे छिद्र पडले की भिंत कमकुवत होते. कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोळल्यास त्या लवकर सुकत नाहीत. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीवर चालणारा दिवा ठेवावा.

बिया टाकू नयेत. त्या धुऊन, पुसून कोरड्या कराव्यात, थोडे तेल, मीठ, तिखट आणि चिमूटभर हिंग चोळून ३५० अंश फॅरनहाइटवर पंधरा-वीस मिनिटे, मधूनमधून हलवत भाजाव्यात. गराचे घारगे करावेत असा मोह होईल, पण कोरण्यासाठी वाढवलेल्या मोठ्या भोपळ्याचा गर पाणचट आणि धागेदार असतो. घारग्यांसाठी त्याच दुकानात 'पाय पम्पकिन' किंवा 'शुगर पम्पकिन' नावाचा लहान, घट्ट, गोड भोपळा मिळतो, तो घ्यावा.

वाटायचा खाऊ

घरचे लाडू किंवा शंकरपाळे या रात्री वाटू नयेत. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण इथल्या पालकांना लहानपणापासून शिकवलेले असते की कारखान्यात बंद न केलेला पदार्थ अनोळखी घरून आला असेल तर तो टाकून द्यायचा. आपली मेहनत कचऱ्यात जाईल. ओळखीच्या शेजाऱ्यांना दिवाळीत ताट भरून द्यावे. त्या रात्री मात्र लहान आकाराची पाकीटबंद चॉकलेटेच योग्य.

शाकाहारी घरांना इथे थोडी दक्षता लागते, कारण भारतातल्या वेष्टनांवर असतो तसा हिरवा ठिपका अमेरिकेत नसतो. गमी प्रकारच्या बहुतेक गोळ्या, मार्शमेलो, कॅन्डी कॉर्न आणि स्टारबर्स्ट यांत जिलेटिन असते, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. स्निकर्स, मिल्की वे आणि थ्री मस्केटीयर्स यांत अंड्याचा पांढरा भाग असतो, हे अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते. हर्शीजचे साधे मिल्क चॉकलेट आणि किट कॅट यांत या दोन्ही गोष्टी नाहीत. घटक बदलत असतात, म्हणून लेबल दरवर्षी वाचावे. आपण वाटण्यासाठी आणताना जे निवडतो तेच रात्री उरल्यावर आपल्या मुलांच्या हाती जाते, त्यामुळे ही निवड आधीच विचारपूर्वक करावी.

दुसऱ्यांच्या मुलांचीही काळजी घ्यावी. शेंगदाण्याची किंवा दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला बहुतेक दारांतून मिळालेला खाऊ खाता येत नाही. टेनेसी राज्यात २०१२ साली सुरू झालेली आणि २०१४ पासून देशभर पसरलेली एक सुंदर प्रथा याच मुलांसाठी आहे : पायरीवर निळसर-हिरव्या, म्हणजे 'टील' रंगात रंगवलेला एक भोपळा ठेवायचा. त्याचा अर्थ असा, की या घरी खाण्याखेरीज दुसरेही काही मिळेल. पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणारी कडी किंवा साबणाचे फुगे वेगळ्या वाडग्यात ठेवले की झाले.

शेजाऱ्यांनी सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट नग आणावेत आणि एक पाकीट न फोडता बाजूला ठेवावे. पहिल्या अर्ध्या तासात चिमुकली मुले येतात, त्यांना पाहून हात सैल सुटतो. आमच्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाची हनुवटी धरून, "किती गोड गं बाई" म्हणत ओंजळ भरभरून दिले, आणि सात वाजता परात रिकामी झाली. मुलाला एक किंवा दोन नग देणे ही रीत आहे. न फोडलेले पाकीट काही दुकाने परतही घेतात.

फिरायला निघताना

मुलाला तीन गोष्टी आधीच पाठ करून द्याव्यात. दार उघडल्यावर 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) म्हणायचे, खाऊ मिळाल्यावर 'थँक यू, हॅपी हॅलोवीन' म्हणायचे, आणि "तू कोण झाला आहेस?" असे कोणी इंग्रजीतून विचारले तर त्याचे उत्तर द्यायचे. नव्या शाळेत अजून तोंड न उघडलेले मूल ही तीन वाक्ये वीस दारांत म्हणते, तेव्हा त्याच्या आवाजात होत जाणारा फरक ऐकण्यासारखा असतो. वाडगा समोर ठेवलेला असेल तर एकच उचलायचे, न आवडणारे चॉकलेट परत ठेवायचे नाही, हिरवळ तुडवत न जाता वाटेनेच जायचे आणि कोणाच्याही घरात शिरायचे नाही. पालकांनी फुटपाथवर थांबून दिसत राहावे.

२००७ पासून अमेरिकेत घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात, म्हणजे हॅलोवीन नेहमी त्याआधी येते. त्यामुळे बऱ्याच भागांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि लहान मुलांना संधिप्रकाशातच फिरवून आणता येते. १९७५ ते २०१६ या काळातल्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असे आढळले की या संध्याकाळी गाडीखाली सापडून पादचारी दगावण्याचा धोका जवळच्या इतर दिवसांच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी अधिक असतो, आणि तो सहाच्या सुमारास सर्वाधिक असतो. म्हणून प्रत्येक मुलाच्या हाती विजेरी द्यावी, पाठीवर आणि पिशवीवर चमकणारी पट्टी चिकटवावी, रस्त्याची एक बाजू पूर्ण करून कोपऱ्यावरच रस्ता ओलांडावा आणि ड्राइव्हवेतून, म्हणजे घरापुढच्या गाडीच्या वाटेतून मागे येणाऱ्या गाड्यांकडे विशेष लक्ष ठेवावे.

चुकून भलत्या दाराशी न जाण्याची काळजी मोठ्या मुलांनीही घ्यायला हवी. ऑक्टोबर १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथे हॅलोवीनच्या पार्टीला निघालेला १६ वर्षांचा एक जपानी विद्यार्थी चुकून भलत्याच घराशी गेला. घरमालकाने बंदूक रोखून 'फ्रीझ' म्हणजे जागीच थांब असे ओरडून सांगितले. तो थांबला नाही आणि गोळी लागून मरण पावला. आपल्या घरातल्या किशोरवयीन मुलांना पत्ता नीट तपासायला आणि या शब्दाचा अर्थ लक्षात ठेवायला सांगावे.

आपल्या दारात

साडेपाचलाच पोर्चचा दिवा लावावा आणि पायऱ्यांवरचे पाईप, कुंड्या, सायकली हलवाव्यात. घरात एक मोठे माणूस दाराशी राहील अशी वाटणी करावी. तसे जमणार नसेल तर 'कृपया एक घ्या' अशी इंग्रजी पाटी लावून वाडगा बाहेर ठेवला तरी चालते. पण मुलांपाठोपाठ उभ्या असलेल्या पालकांशी दोन शब्द बोलण्याची संधी त्यात हुकते. मुलाच्या पोशाखाबद्दल विचारावे आणि आपले नाव व घर सांगावे. उंच झालेली मुले पोशाखाशिवाय आली तरी त्यांना परत पाठवू नये. खाऊ संपला की दिवा मालवावा, म्हणजे कोणी ताटकळत नाही.

दिवाळी जवळ आली असेल तर

काही वर्षी दोन्ही सण एकत्र येतात. २०२४ साली अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच होते, आणि २०२७ सालीही ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येते. अशा वर्षी आकाशकंदील आणि भोपळा शेजारी शेजारी खुशाल लावावेत. पणत्यांची मात्र जागा बदलावी. जाळीदार आणि लोंबत्या झालरींचे झगे घातलेली मुले पायऱ्यांवरून ये-जा करत असताना खाली तेवणारी ज्योत धोक्याची आहे. खऱ्या पणत्या देवघरात आणि मागच्या अंगणात लावाव्यात, पायऱ्यांवर बॅटरीच्या ठेवाव्यात.

रांगोळीतल्या स्वस्तिकाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्यासाठी ते मांगल्याचे चिन्ह आहे, परंतु त्याच्याशी मिळतीजुळती आकृती नाझींनी वापरल्यामुळे इथल्या, विशेषतः ज्यू शेजाऱ्यांच्या मनात त्याने खोल भीती उभी राहते, आणि त्या रात्री येणाऱ्या शंभर अनोळखी माणसांना उंबऱ्यात उभे राहून समजावणे शक्य नसते. त्या दिवशी स्वस्तिक देवापुढे काढावे आणि बाहेर कमळ, गोपद्मे, लक्ष्मीची पावले काढावीत. पावले कोणाची, हे मुले हमखास विचारतात.

दुसऱ्या दिवशी

पिशवी जमिनीवर ओतून मोठ्यांनी एकेक पाकीट पाहावे. फाटलेले, उघडे किंवा घरी बांधलेले टाकून द्यावे, जिलेटिनचे आणि ॲलर्जीचे वेगळे काढावे. घरात कुत्रा असेल तर चॉकलेट, मनुका आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या त्याच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात, कारण या तिन्हींची त्याला विषबाधा होते. काही दंतवैद्य उरलेली कॅन्डी गोळा करून सैनिकांना पाठवतात, त्याची चौकशी करावी. भोपळा मऊ पडण्याआधी आतला दिवा काढून घ्यावा आणि भोपळा अंगणकचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकावा. कोरलेला भोपळा आठवडाभर तसाच राहिला तर तो पायरीलाच चिकटतो आणि खरवडून काढावा लागतो. न कोरलेला असेल तर तो नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत खुशाल दारात राहू द्यावा.